मासे लागतात तिथे

खुब्याचं हाड मोडल्यापासून विश्राम खाडीच्या काठावर खुर्चीत बसूनच गरी टाकायचा. चालायचं नाव काढलं की कण्हायचा. शेवटी त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, त्याच्या मासेमारीतल्या जोडीदाराला, शंभूला, गुपचूप गाठलं. मग शंभू रोज सांगू लागला, "अरे, आज मासे पुढच्या माडाकडे लागतात!" शंभूला शिव्या घालत, काठी टेकत विश्राम रोज एक माड पुढे सरकला. महिन्याभरात माडांच्या टोकाचा पूल आला, काठी सुटली. मासा मात्र एकही लागला नाही.

"लबाडच हो तुमचा शंभू," रुक्मिणी साळसूदपणे म्हणाली.

विश्राम हसला. "अगो, चाळीस वर्षांत त्याने मला मासे कुठे लागतात ते कधी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी कळलं, तोंड त्याचं, बोलणं तुझं."