रेस धरायला माणूस

ओहायोतल्या त्या छोट्या गावात सिग्नल एकच होता, आणि डेल्बर्टची जुनी गाडी तिथे हमखास थरथरून बंद पडायची. कार्ब्युरेटरकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी रबरी नळी तडकून हवा खात होती. ती त्याने बदलली. आता एकाने आत बसून रेस धरायची आणि दुसऱ्याने बॉनेटखाली लुकलुकता दिवा मारून पुलीवरची खूण, म्हणजे ठिणगीची वेळ, नीट सरकते का ते बघायचं. इतकी वर्षं आत त्याची बायको आर्लीन बसायची, मांडीवर विणकाम घेऊन. मार्चमध्ये ती गेली.

ॲक्सिलरेटरवर वीट ठेवून पाहिली, तर इंजिन नुसतंच किंचाळलं. शेवटी तो कुंपणापलीकडे लॉइडकडे गेला. लॉइडचा जन्म गॅरेजात गेलेला.

"दुरुस्ती नकोय रे. नुसतं आत बसायचंय."

"एवढंच ना? चल."

लॉइडने रेस दिली. खूण सरकली ती बरोबर हवी तिथेच. पाय काढल्यावरही इंजिन एका लयीत चालत राहिलं.

"जमलं वाटतं!" लॉइड आतून ओरडला. "उतरू?"

डेल्बर्ट बॉनेटखाली आणखी वाकला. "थांब जरा. अजून कुठेतरी चुकतंय."

लॉइडने क्षणभर कान दिला.

"हो रे," तो म्हणाला, "मलाही तसंच वाटतंय." आणि सीट मागे सरकवून तो ऐसपैस बसला.