खांबाकडे तोंड

"यांना सांगू नका, पण तुम्ही जरा त्या खांबामागे उभ्या राहता का? पाहुण्यांच्या फोटोत सारखे तुमचे हात येतायत."

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला कलादालनाचा व्यवस्थापक दुभाषी बाईच्या कानाशी पुटपुटला. बाईने ते 'यांना सांगू नका' पासून जसंच्या तसं खुणांनी चित्रकर्तीला सांगून टाकलं.

"अहो, सांगितलंत का यांना?" व्यवस्थापक चपापला.

"माझ्यासमोर बोललेलं सगळं सांगायचं. काम आहे ते माझं."

चित्रकर्तीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवरचं एकूण एक चित्र दुभाष्यांचं होतं. कोर्टातला, बँकेतला, आणि सगळ्यांत मोठ्या चित्रात ही बाई. डॉक्टर फाइलमध्ये डोकं खुपसून बोलत होते, तेव्हा 'तुझी आई आता वाचणार नाही' हे हिच्याच हातांनी तिला सांगितलं होतं. आणि आज हिलाच खांबामागे घालायचं. म्हणजे लग्न लावायचं आणि नवरीला मांडवाबाहेर काढायचं.

"नको जाऊस," तिने खुणेने सांगितलं.

"अगं, आजचा दिवस तुझा आहे. राहू दे." बाई खांबामागे गेली. व्यासपीठावर बसलेल्या चित्रकर्तीला तिचं बोटसुद्धा दिसेना.

प्रमुख पाहुणे भाषणाला उठले. अशा सेवाभावी माणसांना समाजाने पुढे आणलं पाहिजे, असं ते कळकळीने सांगू लागले. टाळ्या पडल्या. चित्रकर्तीला दिसत होतं फक्त एक उघडमीट करणारं तोंड. पुढच्या रांगांत तिची बहिरी मित्रमंडळी एकमेकांकडे बघत बसली होती. तिच्याच प्रदर्शनात तिला जागा नव्हती.

ती उठली आणि आपली खुर्ची ओढत व्यासपीठावरून खाली उतरली. खुर्चीचे पाय फरशीवर किती कर्कश ओरडले, ते तिला कळायचं कारण नव्हतं. कळलं असतं तरी तिने ती उचलली नसती. खांबापलीकडे खुर्ची टाकून ती दुभाषी बाईसमोर बसली. मग पुढच्या दोन्ही रांगा उठल्या. सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या नेऊन तिच्यामागे मांडल्या.

पाहुण्यांसमोर आता नुसत्या पाठी होत्या.

"हे काय चाललंय? विचारा जरा त्यांना," ते गुरगुरले.

बाईने विचारलं. चित्रकर्तीने मान वळवली नाही, नुसते हात हलवले. खांबामागून बाईचा आवाज आला, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा:

"तुम्ही बोला. आम्ही ऐकतोय."