बाहेरचा धक्का

"जुळलं!" श्रुतिका एवढ्या जोरात ओरडली की आयसीयूतली सिस्टर डोळे वटारून आली.

जुळलं म्हणजे अगदी झकास जुळलं होतं. प्रीतमच्या डोक्याला चिकटवलेल्या तारांमधून पडद्यावर येणारी लाट आणि तिच्या लॅपटॉपवर समीकरणांतून निघणारी लाट, दोघी एकमेकींवर चपखल बसल्या होत्या. मेंदूतल्या पेशी एका तालात कशा येतात त्याचं गणित मांडायचं, हाच तर तिचा एमएस्सीचा प्रोजेक्ट! सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये बुडालेला आपला धाकटा भाऊ त्याचं उदाहरण होईल, हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, मेंदू संपलाय, संध्याकाळी मशीन काढायचं ठरवू. पण काल सपाट असलेली रेघ आज आईला आत बसू दिल्यावर उसळ्या मारत होती. संपलेला मेंदू ताल धरतो होय? आता पुरावाच होता हातात.

एकच गोष्ट खटकत होती. मॉडेल आपलं आपण चालत नव्हतं. प्रत्येक लाटेआधी त्याला बाहेरून एक धक्का द्यावा लागायचा. तो काढला की लाट विझायची. श्वासाच्या मशीनचा असेल म्हणून तिनं ताळा करून पाहिला. नाही, त्याचा ताल वेगळा. असू दे ना यार, नंतर बघू!

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा ना. आणि आई, तू जा, घोटभर चहा तरी घे."

रत्नप्रभा सकाळपासून पहिल्यांदाच लेकाच्या उशाजवळून उठली. ती दाराशी पोचते न पोचते तोच लाट सपाट झाली.

"आई!"

ती धावत परत आली. तान्हेपणी थोपटायची तशी, सकाळपासून थोपटत होती तशीच, पुन्हा प्रीतमच्या खांद्यावर थोपटू लागली. लाट उठली.

"बघलंस गो?" ती ओल्या डोळ्यांनी हसली. "मी उठलंय की रुसता."

श्रुतिकानं पडद्याकडे पाहिलं. मग आईच्या हाताकडे. थाप पडली, खांदा हलला, उशी हलली, तारा हलल्या. लाट. पुन्हा थाप. पुन्हा लाट.

"काय सापडलं?" डॉक्टर अपूर्वा मागे येऊन उभ्या होत्या.

श्रुतिकानं लॅपटॉप मिटला.

"काही नाही," ती म्हणाली. "आई, तू थोपटत राहा."