तौ

कुंपणाशी ओणवी होऊन शाल्मली दुर्बिणीतून बघत होती. "मावशी, माळढोक गवतात बसलौ," ती कुजबुजली.

"बसलौ? जिवंत पाखरू समोर आहे, आणि तू त्याला चौथं लिंग लावतेस?" गोदूमावशी फिस्कारली.

शाल्मलीने जीभ चावली. तो, ती, ते, तौ, असं ती बालवाडीपासून घोकत आली होती. जे कायमचं गेलं, ते तौ. नदी आटलौ, शेवटचौ माळढोक मेलौ. तौच्या घरातून आजवर कुणी परतलं नव्हतं. हा नर तिनेच गोठवलेल्या पेशींतून जन्माला घातला होता, पण त्याने आपल्या जातीचं नाचणं कधी पाहिलंच नव्हतं. तो नाचला नाही, तर पलीकडच्या गवतातली, तशीच जन्मलेली मादी जवळ येणार नाही, आणि सगळं इथेच संपेल.

"मावशी, तुझी ती माळढोकाची ओवी म्हण ना, ठेका ऐकून नाचेल कदाचित."

"माळढोक गेलौ तेव्हापासून ती गिळून बसलेय गं. 'पोचला'ला 'नाचलौ' कसं जुळायचं?"

"जुनंच म्हण."

मावशीने पदर खोचला आणि गळा मोकळा सोडला.

"गवत हिरवं झालं, वारा बांधाला पोचला,
माझ्या माळाचा राजा गं, मान फुगवून नाचला!"

पाखराने मान वळवली. मग गळ्याची पांढरी पिशवी फुगली, शेपूट उभारलं, आणि खोल घुमारा माळभर पसरला. पाय आपोआप ठेका धरू लागले.

"नाचला!" शाल्मली ओरडली. "मावशी, तो नाचला!"

"हळू बोल, मेले," मावशीने तिचा दंड धरला. "गवत हललं बघ. ती येतेय."