हलक्या रानाचं पाणी

तीन बाटल्यांत पाणी उतरलं होतं, ते चक्क काळ्या चहासारखं. करुणानं एकेक बाटली उचलून उन्हात धरली, खाली ठेवली, परत उचलली. बाटल्यांवरचे आकडे पुन्हा वाचले. एक, दोन, तीन. तिन्ही मल्हार आबांच्या मातीच्या. शेजारच्या तीन, तिच्या गावच्या, भांडगावच्या काळ्या मातीच्या, तेवढ्या नेहमीसारख्या नितळ.

बारा आठवडे ती दर बुधवारी एसटी बदलून कवठ्याला येत होती. आबांच्या विहिरीपाशी माती भरलेले सहा पाइप उभे केलेले, प्रत्येकाखाली एक बाटली, तीन हलक्या मातीचे, तीन काळीचे. सगळ्यांना सारखाच युरिया, सारखंच मोजून पाणी. त्यातलं किती नत्र पाण्याबरोबर वाहून जातं आणि मातीत किती उरतं, एवढ्यावर तिची एम.एस्सी. अडली होती. आज शेवटचं पाणी धरून पाइपांतली माती तपासायला न्यायची होती, आणि दुपारी तिचे मार्गदर्शक सर येणार होते.

तिनं पहिल्या पाइपात बोट खुपसलं. बोटाला मेंढराची लेंडी लागली.

"आबा! ह्यात लेंडीखत कुणी घातलं?"

आबा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. वर बघितलं नाही त्यांनी.

"म्या. गेल्या बुधवारी, तू गेल्यावं. लई न्हाई, मूठ मूठ."

"अहो, पण का?" तिचा आवाजच फाटला.

"का म्हंजी? पारावं बसायची सोय न्हाई ऱ्हायली. तुझ्या बाटल्यांचं ऐकून आबाच्या रानाला बूडच न्हाई म्हनत्यात. आगं, नुसता माळ व्हता ह्यो! वीस वर्सं मेंढरं बसवून रान क्येलं म्या. आन् तू कागदावं ल्हिनार, हितं खत ठरत न्हाई म्हून? म्हनलं, लेंडी पडली तर जरा धरंल."

करुणानं पाइपांभोवती दोन फेऱ्या मारल्या. घड्याळ बघितलं. तिसरी फेरी मारली.

"धरलं नाही, आबा. तुमची लेंडीसुद्धा उतरली खाली. आता हे तिन्ही बाद. सर म्हणतील, पोरीचं लक्ष नव्हतं, कर पहिल्यापासून."

"तुला काय त्याचं? तुझ्या गावची काळी जितलीच की."

"माझ्या गावची?" ती गर्रकन वळली. "त्या काळ्या रानात आमचं ढेकूळभरसुद्धा नाही, आबा. आई खुरपायला जाते तिथं. मालकाला विचारून पोतं भरून आणलंय मी."

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

करुणा मांडीवर वही घेऊन बसली. 'पाइप एक ते तीन बाद. कारण' एवढं लिहून पेन थांबलं. आबांचं नाव घालावं तर पारावर म्हाताऱ्याची आणखी शोभा. न घालावं तर सगळं आपल्याच अंगावर. तिनं पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं.

आबा उठून जवळ आले. "काय ल्हितीस?"

"सुचत नाही."

"माझं नाव ल्ही. मल्हार भिमाजी, ह्यानं पोरीला न इचारता खत घातलं, आसं."

"गावात कळलं तर?"

"कळू दी. तुझी चूक न्हाई ती तुझ्यावं कशाला? ल्ही म्हनतो ना!"

तिनं लिहिलं. आबांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "आता अंगठा घे."

"अंगठा कशाला, आबा? आणि शाई कुठंय इथं?"

आबांनी विहिरीच्या बादलीत अंगठा भिजवला, पायाखालची आपली माती त्याला चोळली आणि वहीवर दाबला. खडे तेवढे घरंगळले. कागदावर फिकट डाग पडला, रेघ एक उठली नाही. त्यांनी अंगठा धुतला, पुन्हा माती लावली, पुन्हा दाबला. तसंच.

ते थोडा वेळ त्या डागाकडं बघत राहिले. मग वळले, कठड्याशी भांडगावच्या काळीचं उरलेलं पोतं होतं तिथं गेले, ओला अंगठा त्यात खुपसला, आणि येऊन तिच्या अक्षराखाली टेकवला.

रेघ न् रेघ उठली.