दारातली खुर्ची

टेबलावर सतरा जपमाळा पडल्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर नवस. कुणाचा गुडघा, कुणाचा दुबईचा व्हिसा, कुणाची कोर्टातली केस. अँजेलिना माळा घराघराप्रमाणे वेगळ्या करत होती. तिची मोठी नणंद एथेल समोर बसून बघत होती आणि तिला वाटत होतं, बॅग भरायची तयारी चाललीय.

कांदिवलीच्या गावठाणातली बाई इटलीला निघाली म्हणजे पोपच्याच दारी निघाली, यात कुणाला शंका नव्हती. धाकटा झेवियर बोटीवर स्टुअर्ड होता. बोट दुरुस्तीसाठी नेपल्सच्या गोदीत लागली आणि त्यानं आईला आठ दिवसांसाठी बोलावून घेतलं, विमानाचं तिकीटही पाठवलं. बातमी फुटली त्या संध्याकाळपासून लोक माळा आणून देऊ लागले. अँजेलिना मान हलवून घेत गेली. तोंडानं ती खोटं बोलली नव्हती, मानेनं बोलली होती. ते तिला पंधरा दिवस टोचत होतं.

थोरला बर्नार्ड आतून कागद घेऊन आला. फादरना विचारून त्यानं आठही दिवसांचं टाइमटेबल केलं होतं. रोज तीन चर्च, रविवारी पोपचं दर्शन, शेवटी असिसीची यात्रा.

"हे सगळं खोड," अँजेलिना म्हणाली.

"म्हणजे?"

"मी रोमला जात नाहीय. नेपल्सहून तासाभरावर प्रोचिदा म्हणून बेट आहे. आठ दिवस तिथं राहणार."

बर्नार्डनं एथेलकडं बघितलं. एथेलनं छातीवर हातानं क्रूस केला.

"तिथं आहे काय, ममा?"

अँजेलिनानं प्रार्थनेच्या पुस्तकातून झेवियरचं पोस्टकार्ड काढलं. पिवळी-गुलाबी घरं, खाली होड्या, वाळत घातलेली जाळी. मागं त्याच्या घाईच्या अक्षरात दोनच ओळी होत्या: 'इथं दुपारी बायका दारात खुर्ची टाकून बसतात. काही करत नाहीत.'

"बसायला?" बर्नार्ड हसला. "अगं, समुद्रच बघायचाय ना? मग खारदांड्याला जा की."

"खारदांड्याला गेले तर संध्याकाळी तूच विचारशील, जेवायला काय केलंयस."

त्याचं हसू गेलं. बर्नार्ड वाईट मुलगा नव्हता. आईनं त्याचं ताट वाढलं नाही असा दिवस त्याच्या आयुष्यात आला नव्हता, एवढंच.

"अर्धं अर्धं कर ना. चार दिवस रोम, चार दिवस तुझं ते बेट."

"साठ वर्षांत आठ दिवस मिळालेत मला. त्यातले चार तुमच्या नवसांना देऊ?"

"मग लोकांना काय सांगायचं? या माळांचं काय?"

"मीच सांगणार. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? उद्या चर्चमध्ये मिस्सा झाली की ज्याची त्याला परत. वांद्र्याची माउंट मेरीही तीच आई आहे. बसनं जा म्हणावं."

"ममा, लोक थुंकतील तोंडावर. नाही जमायचं हे. मी आजच झेवियरला तार करतो, ममा येत नाही म्हणून."

"कर. पण मी मंगळवारीच केलीय. काल उत्तर आलं, खोली ठरली." अँजेलिनानं पुढची माळ उचलली. "आणि तिकीट, पासपोर्ट कपाटात शोधू नकोस. तांदळाच्या डब्यात आहेत. या घरात त्या डब्यात माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही."

बर्नार्ड खाली बसला. टाइमटेबलाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

आता एथेल बोलली.

"आणि वर गेल्यावर देवानं विचारलं तर? इतक्या लांब आलीस नि माझ्या दारावरून तशीच गेलीस?"

अँजेलिनाच्या हातातली माळ थांबली. हा प्रश्न तिनं स्वतःलाही विचारला होता, रोज.

"त्याला सांगेन, पस्तीस वर्षं मी रोज सकाळी सहाला तुझ्या घरी आले. पावसात आले, तापात आले. तू माझ्या घरी एकदा तरी आलास का? आणि आला असतास तरी मी स्टोव्हपाशी असते, तुला बघितलं नसतं. या खेपेला तू ये. त्या बेटावर ये. मी दारातच बसलेली असेन."

घरी एथेलची वाट बघत सात माणसांचा स्वयंपाक होता. ती उठली. ढिगातून स्वतःची काळ्या मण्यांची माळ तिनं शोधून काढली, दोरा तोडला, चिठ्ठी चुरगळून मुठीत धरली. बर्नार्डला वाटलं, आता ही तरातरा निघून जाणार.

एथेलनं माळ अँजेलिनाच्या हातात ठेवली.

"ही ने," ती म्हणाली. "पोपला दाखवू नकोस. त्या खुर्चीला अडकव."