एकाच गाडीचे दोन ताप

गाडी विकली गेली, तर मिस्त्रीला शेकडा दोन मिळणार होते. म्हणून तर तो दुसऱ्यांदा फुकटात बॉनेटखाली डोकं घालून उभा होता.

"बाबा, नीट सांगा. तापली कधी?"

"पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी पळताना," सासरे म्हणाले. "उभी केली की काटा खाली."

"आणि परवा, दुसऱ्याच्या वेळी, उभी असताना," सून म्हणाली. "सिग्नलला तापायची. पळाली की थंड."

मिस्त्रीने कान खाजवला. पळताना तापते ती रेडिएटरच्या जाळीला वारा मिळाला नाही तर. उभी तापते ती पंखा फिरला नाही तर. एकाच गाडीला दोन वेगळे ताप, आणि गॅरेजात आली की एकही नाही!

त्याने थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला, तर तो शहाण्यासारखा उघडला. कूलंट काठोकाठ. पंखा भरभर फिरला.

"शाळेच्या वेळेला पोट दुखणाऱ्या पोरासारखं करतेय हे धूड," तो करवादला.

सासरे खोकले. सून हसली नाही.

गाडी विकायचं काढलं होतं सासऱ्यांच्या परगावी राहणाऱ्या मुलाने, फोनवर. सासरे म्हणाले, सून म्हणेल तसं. सून म्हणाली, बाबा म्हणतील तसं. झालं, ठरलं.

"रविवारी तिसरं गिऱ्हाईक आणतोय," मिस्त्रीने बजावलं. "काटा लालकडे सरकला की जागच्या जागी थांबायचं. आणि गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, तोंड भाजेल."

रविवारी गिऱ्हाईक एकटंच चक्कर मारायला गेलं. भाव किती पाडायचा या विचारात त्याने काट्याकडे पाहिलंच नाही. पुलावर वाफेचा लोट उठला, मग खडखडाट, मग काहीच नाही.

गिऱ्हाइकाचा फोन आला; तिघे रिक्षाने पोहोचले, तोवर ते पसार झालं होतं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं.

"इंजिन जाम. आता ही भंगारात." त्याने जाळीपुढून एक पुठ्ठा ओढून काढला. "हे कुणाचं काम?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझं. पहिल्या वेळीही मीच लावला होता. गाडी गेली असती, तर हिला कामावर जायला दोन बस बदलाव्या लागल्या असत्या."

"पण नुसत्या पुठ्ठ्याने एवढं होत नाही, बाबा," मिस्त्री म्हणाला. "पंख्याची वायरही काढलीय."

"वायर? तिला मी हात लावला नाही."

"मी काढली," सून म्हणाली. "बाबा रोज सकाळी गाडीत बसूनच तर पेपर वाचतात."